लॅपटॉप मावशीचा, किल्ली भाच्याकडे

फोंडा तालुक्यातल्या एका गावातून आलेले हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून मजकूर थोडक्यात देते.

पत्र लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या. घरी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतात, गावातल्या महिलांच्या स्वयंसाहाय्य गटाचे हिशेब बघतात आणि त्या कामासाठी आठवड्यातून एकदोनदा लॅपटॉप पिशवीत घालून बसने पणजीला जातात. लॅपटॉप दीड वर्षापूर्वी चवथीला आलेल्या भाच्याने पुण्याहून आणून दिला. तो तिथे आयटीत आहे. किमतीचे ३८,००० रुपये ताईंनी त्याच्या बँक खात्यात भरले. गेल्या महिन्यात शेजारचे कुटुंब जत्रेला गेलेले असताना त्यांचे घर फुटले आणि इतर गोष्टींबरोबर त्यांच्या मुलाचा लॅपटॉपही गेला. तेव्हापासून ताईंच्या जिवाला घोर. कोणीतरी सांगितले की लॅपटॉपमध्ये ‘फाइंड माय डिव्हाइस’ नावाची सोय असते, ती चालू असली की चोरीला गेलेले यंत्र नकाशावर सापडते. ताई सेटिंग्जमध्ये गेल्या, तर ते बटण फिकट पडलेले, दाबले तरी हलत नाही. लोकेशनच्या पानावरही तेच, आणि वर इंग्रजीत एक ओळ: यातल्या काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत, अशा अर्थाची. “माझी संस्था म्हणजे आमचे महिला भजनी मंडळ,” ताई लिहितात, “त्यांनी हे केले असेल असे मला वाटत नाही.”

भाच्याला फोन केला तर तो “मावशे, तें कित्याक जाय तुका?” (ते कशाला हवे तुला?) म्हणून हसला आणि आंब्यांची चौकशी करू लागला. फोंड्यातला दुकानदार म्हणतो, १,२०० रुपयांत फॉरमॅट मारून देतो, सगळे सुरळीत होईल. ताईंच्या मनात आता किल्मिष आले आहे. भाच्याने कुठला जुना माल गळ्यात मारला का? विचारावे तर बहीण दुखावणार. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. लॅपटॉप उघडताना कोपऱ्यात दोन नावे दिसतात, एक ‘मावशी’ आणि एक भाच्याचे. आणि ‘मावशी’ला पासवर्ड नाही, कारण “लक्षात राहत नाही म्हणून नको, असे मीच त्याला सांगितले होते.”

ताई, आज फोंड्याला जाऊ नका. दुकानदाराला सांगा, पुढच्या महिन्यात बघू. तो बिचारा फसवतो आहे असे मी म्हणत नाही, पण तुमचा लॅपटॉप बिघडलेलाच नाही. बिघडला नसलेल्या यंत्रावर फॉरमॅट हा उपाय म्हणजे कुलपाची किल्ली सापडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे. आणि ही भिंत पाडताना तुमच्या अंगावर येण्याचीही शक्यता आहे, ती कशी ते पुढे सांगते.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून टाकलेली दोन वाक्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दोन नावे दिसतात, आणि तुमच्या नावाला पासवर्ड नाही. उत्तर बहुतेक तिथेच आहे.

विंडोजमध्ये एकाच लॅपटॉपवर अनेक माणसांची खाती असू शकतात आणि त्यांचा मान सारखा नसतो. एक असतो ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे घराचा कारभारी. बाकीचे ‘स्टँडर्ड’, म्हणजे घरात राहणारे, खाणारेपिणारे, पण विहिरीचा पंप बदलायचा तर कारभाऱ्याला विचारणारे. दुसरा भेद असा, की काही खाती मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्याला जोडलेली असतात, तर काही नुसती त्या यंत्रापुरती. त्यांना ‘लोकल’ म्हणतात. लॅपटॉप शोधण्याची सोय चालू करायची तर मायक्रोसॉफ्टचे खाते हवे आणि ते कारभाऱ्याचे हवे. त्याला कारण साधे आहे. लॅपटॉप हरवल्यावर तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जाणार आणि विचारणार, माझे यंत्र कुठे आहे? ‘माझे’ म्हणजे कोणाचे, हे त्याला कळायला ईमेल लागतो. पासवर्ड नसलेली ‘मावशी’ त्या यंत्राबाहेर कोणालाच माहीत नाही. तेव्हा बटण फिकट आहे ते तुमच्यासाठी. भाच्याच्या नावाने आत गेलात तर कदाचित ते टवटवीत दिसेल.

खात्री करायला सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘युअर इन्फो’ उघडा. तुमच्या नावाखाली ‘लोकल अकाउंट’ लिहिलेले असेल आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द नसेल, तर निम्मे कोडे सुटले. लोकेशनचा मुख्य खटकाही कारभाऱ्याच्याच हाती असतो, आणि लोकेशन बंद असेल तर शोधण्याची सोय चालू होऊच शकत नाही. म्हणजे तुम्हाला दिसलेली दोन फिकट बटणे हा एकाच गोष्टीचा परिणाम असू शकतो.

राहिली ती संस्थेची ओळ. भजनी मंडळाला मी दोषमुक्त करते. पण तुमच्या मनातला संशय याच ओळीपाशी येऊन थांबतो, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

ही ओळ तीन कारणांनी दिसू शकते. एक, लॅपटॉपला कुठल्यातरी कंपनीचे किंवा कॉलेजचे खाते जोडलेले आहे. दोन, कोणीतरी विंडोजची नको ती कामे बंद करणारे एखादे छोटे सॉफ्टवेअर चालवले आहे. आयटीतल्या मुलांना ही खोडच असते. नवे यंत्र आले की पहिल्या संध्याकाळी बसून मायक्रोसॉफ्टला जाणारी माहिती, जाहिराती, लोकेशन, सगळे एका दणक्यात बंद करतात. ती सॉफ्टवेअर विंडोजच्या आत जे नियम लिहितात ते कंपन्या वापरतात तसलेच असतात, म्हणून विंडोजला वाटते आपल्याला कोणी संस्था चालवते आहे. तीन, लॅपटॉप खरोखरच आधी एखाद्या कंपनीचा होता. आता ‘अकाउंट्स’मध्येच ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ नावाचे पान आहे, ते उघडा. तिथे एखाद्या कंपनीचे नाव दिसले तर पहिले किंवा तिसरे कारण. तिथे काहीच नसेल तर दुसऱ्या कारणाकडे माझा कल जास्त, पण तिसरे तेवढ्याने बाद होत नाही.

आणि समजा, तिसरे निघाले. तरी त्यात चोरी नाही. कंपन्या तीनचार वर्षे वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात, पुष्कळदा आपल्याच कर्मचाऱ्यांना स्वस्तात देतात. फक्त ते देताना कंपनीच्या यादीतून यंत्राचे नाव काढावे लागते, आणि ते राहून जाते. फॉरमॅटला मी घाबरते ती यासाठी. अशी यंत्रे पुष्कळदा कंपनीने मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवलेली असतात. सगळे पुसून नव्याने विंडोज घातले आणि इंटरनेट जोडले, की पहिल्याच पडद्यावर कंपनीचे नाव येते आणि कंपनीचा ईमेल मागितला जातो. आज निदान चालते आहे, ते फोंड्याच्या काउंटरवर अडकून बसेल. दुसरी भीती अशी. भाच्याने पहिल्यांदा स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप चालू केला असेल, तर आतली डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद झालेली आहे. याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. पण दुकानदाराने तुमचे हिशेब वाचवायला डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, की ती ४८ अंकी किल्ली मागणार. आणि ती किल्ली भाच्याच्या खात्यात.

तेव्हा आजचे काम एकच. एक पेन ड्राइव्ह घ्या आणि गटाचे हिशेब, मुलांच्या प्रश्नपत्रिका, जे काही आहे ते त्यावर उतरवा. बाकी सगळे याच्यानंतर.

आता भाच्याकडे येते. तो हसला आणि त्याने विषय बदलला, यावरून तुम्ही मनात बरेच मोठे बांधकाम केले आहे. मी त्याच्या जागी उभी राहून पाहिले. चवथीची धावपळ, घर भरलेले, मावशी म्हणते पासवर्ड नको, मला सोपे करून दे. त्याने अर्ध्या तासात स्वतःच्या खात्याने यंत्र चालू केले, मावशीसाठी बिनपासवर्डचे एक नाव बनवले आणि उकडीच्या मोदकांना जाऊन बसला. दीड वर्षाने फोनवर मावशी लोकेशनचे विचारते, तेव्हा आपण तेव्हा काय काय केले होते हे त्याला आठवतही नसेल. किंवा आठवत असेल आणि आपण काम अर्धवट केले याची लाज वाटत असेल. जुना माल नवा म्हणून दिला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण फिकट बटण हा त्याचा पुरावा नव्हे.

तो पुरावा हवाच असेल तर कोणालाही न दुखवता मिळतो. लॅपटॉप उलटा करा. तळाशी स्टिकरवर सीरियल नंबर आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मदत संकेतस्थळावर तो घातला की हमी कधी सुरू झाली, कधी संपते ते दिसते. दीड वर्षापूर्वीच्या चवथीच्या आसपासची तारीख निघाली तर लॅपटॉप नवा होता, आणि तुम्ही भाच्याची मनातल्या मनात क्षमा मागा. चार वर्षे आधीची निघाली तर विचारायला तुमच्या हातात काहीतरी ठोस आहे. असे चोरून तपासणे बरे का, असे तुम्हाला वाटेल. लॅपटॉप तुमचा, पैसे तुमचे, त्याचा नंबर वाचायला कोणाची परवानगी कशाला? तो नंबर वहीतही लिहून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भाच्याकडे मात्र मागा, आणि ‘तू असे का केलेस’ या सुरात मागू नका. तीन गोष्टी मागा. बिलाची प्रत, ४८ अंकी किल्ली आणि लॅपटॉपमध्ये त्याच्या नावाने शिरायला एकदा त्याचा पिन. कारण म्हणून शेजारच्या चोरीचे सांगा. ते खरेही आहे. “अरे, शेजारी चोरी झाली, पोलिसांनी बिल मागितले तर माझ्याकडे काहीच नाही” हे वाक्य बहिणीच्या कानावर गेले तरी तिला त्यात लागण्यासारखे काही सापडायचे नाही. बिल त्याच्या नावावर असेल, तर तुमच्या बँकेच्या पासबुकातली ३८,००० रुपयांची नोंद आणि त्याचा ‘हा लॅपटॉप मी मावशीसाठी घेतला’ असा दोन ओळींचा ईमेल, दोन्ही एकत्र ठेवा. नातेवाइकांत असले कागद करायला आपल्याला संकोच वाटतो. पण लॅपटॉप चोरीला गेल्यावर पुण्याहून भाच्याला रजा काढून बोलावण्यापेक्षा दोन ओळी बऱ्या.

तो मे महिन्यात मानकुराद आंबे खायला येईल तेव्हा, किंवा घाई असेल तर व्हिडिओ कॉलवर, पुढचे काम तासाभराचे आहे. आधी तुमच्या नावाचा मायक्रोसॉफ्ट ईमेल तयार करा, आणि त्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडा. भाच्याच्या नावाने लॅपटॉपमध्ये शिरायचे, ‘अकाउंट्स’मध्ये ‘अदर यूजर्स’, तिथे ‘मावशी’वर जाऊन खात्याचा प्रकार बदलून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करायचा. मग तुमच्या नावाने शिरून ‘युअर इन्फो’मध्ये लोकल खात्याऐवजी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करण्याचा पर्याय निवडायचा. तुमच्या फायली जागच्या जागी राहतात, काही पुसले जात नाही. त्यानंतर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘लोकेशन’ चालू करा आणि त्याच यादीतले ‘फाइंड माय डिव्हाइस’. लोकेशन चालू केले म्हणजे सगळ्या अ‍ॅपना तुमचा ठावठिकाणा कळलाच पाहिजे असे नाही. खाली प्रत्येक अ‍ॅपचे वेगळे बटण असते, नको ती बंद करून टाका. शेवटी भाच्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढायचा.

एवढे करूनही बटण हटून बसले, तर संस्थेची ती ओळ अजून आहे का बघा. असेल तर ज्या सॉफ्टवेअरने नियम लिहिले त्यानेच ते मागे घेता येतात, आणि ते काम भाच्याचे, तुमचे नव्हे. ओळ नसेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत ‘जिओलोकेशन सर्व्हिस’ बंद करून ठेवलेली असू शकते. ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘मॅन्युअल’ करा आणि लॅपटॉप एकदा बंद करून चालू करा. विंडोज १० वापरणाऱ्या वाचकांना हेच बटण ‘अपडेट अँड सिक्युरिटी’मध्ये सापडेल. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्यांनी लोकेशनच्या आधी ती चिंता करावी.

झाले, बटण चालू झाले असे धरू. आता तुमच्या पत्रातल्या मूळ समजुतीकडे वळते, कारण भाचा हसला त्यात थोडे तथ्य आहे. हे बटण चालू असले की चोरीला गेलेला लॅपटॉप सापडतो, असे तुम्ही धरून चालला आहात. मोबाईलमुळे आपल्याला तशी सवय झाली आहे. मोबाईल सतत चालू असतो, त्यात सिम असते, जीपीएस असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये यातले काहीच नसते. आजूबाजूला कुठले वायफाय राउटर दिसतात त्यावरून तो आपली जागा ओळखतो, तेही जमले नाही तर इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाज बांधतो. आणि हे सगळे तो चालू असेल, बॅटरी असेल, इंटरनेट असेल तेव्हाच. झाकण मिटून पिशवीत टाकलेला लॅपटॉप गप्प असतो. पणजी-म्हापशात इमारतीगणिक राउटर आहेत, तिथे ठिकाण बऱ्यापैकी नेमके येते. सांगे तालुक्यात २०२० साली मुले ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढत होती, ते आठवा. तसल्या भागात नकाशावरच्या टिंबावर किती विसंबायचे?

माझी स्वतःची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझी लॅपटॉपची पिशवी बसमध्ये राहिली. घरी येऊन फोनवर नकाशा उघडला तर टिंब मुंबईत! माझ्या नवऱ्याने तर दादरला राहणाऱ्या मित्राला फोनही लावला. नंतर उलगडा झाला. शेवटची नोंद सकाळी माझ्याच घरातून झालेली, मी मोबाईलचा हॉटस्पॉट वापरत असताना, आणि त्या मोबाईल कंपनीचे इंटरनेट मुंबईतून बाहेर पडते. पिशवी त्या वेळी डिचोलीच्या बसस्थानकावर एका टेबलाखाली निवांत पडली होती. सापडली ती आतल्या कप्प्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती म्हणून. नकाशाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

बसमध्ये विसरणे आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. तुम्ही आठवड्यातून एकदोनदा बाणस्तारीवरून पणजीला जाता, तुमच्या बाबतीत विसरण्याचा संभव चोरीइतकाच असेल. तिथे चिठ्ठी उपयोगी. चोराला चिठ्ठीचे काय? तो लॅपटॉप कोणाला तरी विकतो, घेणारा सगळे पुसून नवे विंडोज घालतो, आणि पुसल्याबरोबर तुमचे बटणही पुसले जाते.

मग चोरी झाली तर खरे नुकसान कोणते? ३८,००० रुपये, हो. पण तुमच्या लॅपटॉपमध्ये गटातल्या बायकांच्या आधार कार्डांच्या प्रती असणार, पासबुकांची पाने असणार, मुलांच्या पालकांचे फोन नंबर असणार. आणि त्या लॅपटॉपला पासवर्ड नाही. झाकण उघडले की ‘मावशी’ स्वागताला हजर. डिस्कला कुलूप आहे असे वर म्हटले, पण ते कुलूप विंडोज सुरू होताना आपोआप उघडते. पुढची राखण पासवर्डने करायची असते, आणि तिथे कोणीच नाही. घराचे दार सताड उघडे टाकून घरात घंटा लावायची, की चोर कुठल्या रस्त्याने गेला ते कळावे, असा हा प्रकार झाला आहे.

इथे एक पेच आहे, तो आधीच सांगते. पासवर्ड नसेल तर चोर लॅपटॉप उघडेल, वायफायला जोडेल, आणि कदाचित नकाशावर दिसेल. पासवर्ड असेल तर तो बंदच राहील आणि नकाशावर बहुधा दिसणार नाही. म्हणजे यंत्र सापडण्याची आशा आणि आतल्या माहितीची राखण, या दोन्हींचे तोंड विरुद्ध दिशांना आहे. मला विचाराल तर यंत्र जाऊ दे, बायकांची कागदपत्रे राहू देत. तुम्ही तुमच्या पैशांची जोखीम घेऊ शकता, त्यांच्या आधार कार्डांची नाही. मायक्रोसॉफ्ट खाते जोडताना विंडोज पिन ठेवायला सांगेल, तो ठेवा. लक्षात राहत नाही म्हणता, पण पंधरा मुलांचे घटक चाचणीचे गुण तुम्हाला तोंडपाठ असतात असे पत्रातच लिहिले आहे! जन्मसाल आणि गाडीचा नंबर सोडून सहा आकडे निवडा. मग ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे ना ते बघा आणि ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून दागिन्यांच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत नको.

तरीही चोरी झालीच, तर मोबाईल आणि लॅपटॉप यांत घोळ करू नका. मोबाईलसाठी केंद्र सरकारची ‘संचार साथी’ सेवा आहे, मे २०२३ पासून देशभर चालते, तिथे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून हरवलेला फोन बंद पाडता येतो. सिम न लागणाऱ्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो, त्यामुळे तिथे उपयोग नाही. लॅपटॉपसाठी वहीतला तो सीरियल नंबर, बिल, आणि पोलीस ठाणे. बसच्या वाटेवर पिशवी गेली तर हद्द फोंड्याची, जुन्या गोव्याची की पणजीची, या वादात पडू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, आणि तक्रारीची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. त्याच संध्याकाळी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा. मायक्रोसॉफ्टच्या पानावर ‘लॉक’चे बटण असते, तेही दाबून ठेवा. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. नकाशावर टिंब दिसले तर ते पोलिसांना दाखवा, भाच्याला घेऊन तिथे धडक मारू नका. टिंब म्हणजे घर नव्हे, आसपासची दहा घरे असू शकतात, आणि नऊ घरांतली माणसे निरपराध.

याच विषयावर आणखी काही वाचकांच्या चिठ्ठ्या पडून आहेत, त्यांना इथेच सांगून टाकते. ज्यांचा लॅपटॉप सरळ दुसऱ्याच्याच खात्याने उघडतो, वेगळे नाव नाहीच, त्यांनी वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली साठवण्याची सोय, तपासावी. तुमच्या डेस्कटॉपवरचे कागद गुपचूप मुलाच्या किंवा जावयाच्या खात्यात चढत असतील. खाते बदलण्याआधी ढगाची खूण असलेल्या फायली यंत्रावर उतरवून घ्या, नाहीतर त्या तिकडेच राहतील. अ‍ॅपलचे मॅकबुक जुने विकत घेणाऱ्यांनी विकणाऱ्याच्या समोर ‘फाइंड माय’ बंद करून घ्यावे, मगच पैसे द्यावेत. नव्या मॅकवर पूर्वीच्या मालकाच्या पासवर्डशिवाय पुसलेले यंत्रही चालू होत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे बटण कंपनीच्या खात्याने चालणार नाही, तिथे ऑफिसच्या संगणक विभागालाच विचारायचे. आणि मडगावच्या ज्या बाईंनी वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर हे चालू करायचे असे विचारले आहे, त्यांना इतकेच सांगते की ठिकाण शोधले की लॅपटॉपच्या कोपऱ्यात तशी सूचना येते. मुलीला ती दिसेल. पुढचे संभाषण तुम्हाला नकोसे असेल, तर आधीच तिच्याशी बोला.

ताई, पेन ड्राइव्हचे काम झाले की ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’च्या पानावर काय दिसले ते मला कळवा. कंपनीचे नाव असेल तर पानाचा फोटो काढून ठेवा आणि तो सगळ्यात आधी भाच्याला पाठवा, बहिणीला नव्हे.